मैत्रिणीचं शिफारसपत्र

आमच्या कॉलेजात शिफारसपत्र सर लिहीत नाहीत. पत्र विद्यार्थ्यानेच लिहायचं, सर त्यावर नजर टाकतात आणि परदेशी विद्यापीठाच्या पोर्टलवर स्वतःच्या नावाने चढवतात. "तुमचं तुम्हीच लिहून आणा, मला कुठे वेळ आहे," असं सरांनी भर वर्गात सांगितलं, आणि कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मला तर बरंच वाटलं, कारण माझं इंग्रजी चांगलं होतं.

माझ्या मैत्रिणीचं नव्हतं. ती निर्मळ गावची, फुलबागवाल्यांच्या घरातली, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. मी विरारच्या फ्लॅटमधली, क्लास लावून मार्क आणणारी. दोघींना ऑपरेशन्स रिसर्चमध्ये एमएस करायचं होतं. किती गाड्या, किती माणसं, कुठलं काम आधी आणि कुठलं मागून, याचं गणित म्हणजे तो विषय. मला तो पाठ होता, तिला तो येत होता. हा फरक मला पहिल्याच सेमिस्टरला कळला आणि तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं.

तरी शिकायला मी तिच्याकडेच जायचे. तिच्या ओटीवर बसून तिने मला अर्धा अभ्यासक्रम समजावला, तोही न कंटाळता. तिथेच तिने मला एक वही दाखवली. त्यांच्या आळीतल्या नऊ बागांचा मोगरा एकच टेम्पो गोळा करायचा. शेवटच्या बागेपर्यंत पोचेस्तोवर कळ्या उमलून जायच्या आणि उमललेल्या मोगऱ्याला बाजारात कोणी विचारत नाही. हिने कुठल्या बागेत किती वाजता तोडणी संपते ते महिनाभर टिपलं, समीकरणं मांडली आणि टेम्पोचा रस्ता बदलला. टेम्पोवाला आजही त्याच क्रमाने जातो. सरांना यातलं काही माहीत नव्हतं, तिने फक्त मला सांगितलं होतं.

"माझं पत्र तूच लिही ना. तुझं इंग्रजी काय छान आहे," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

आता जे केलं ते सरळ सांगते. परदेशात शिकणाऱ्या माझ्या मावसभावाने मला बजावलं होतं, की पत्रात मेहनती, आज्ञाधारक, वक्तशीर असलं काही लिहू नकोस. तिकडचे लोक त्याचा अर्थ घेतात की मुलीकडे दुसरं सांगण्यासारखं काही नाही. माझ्या पत्रात मी यातला एकही शब्द येऊ दिला नाही. तिच्या पत्रात मी तिन्ही घातले, वर "नम्र" आणि "एकही तास न चुकवणारी" हेही घातलं. टेम्पोचा उल्लेख टाळला. तो मी माझ्या पत्रातही घातला नाही. तेवढी लाज होती असं म्हणायला मला आवडलं असतं, पण खरं म्हणजे पकडले जाईन याची भीती होती. आमच्या अर्जांतली तीन विद्यापीठं तीच होती आणि एका कॉलेजातून दोघींना घेणार नाहीत, हे मी मनाशी धरून बसले होते.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. एकही शब्द खोटा नव्हता.

सर खूश झाले. "किती मनापासून लिहिलंय," म्हणाले. मैत्रिणीने ते पत्र घरी मराठीत करून वाचून दाखवलं. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा तिच्या आईने मला जवळ बसवून घेतलं. "सरांनी माझ्या पोरीचे गुन बरोबर वलखले," म्हणाली. पत्राची प्रत घडी करून तिने देव्हाऱ्यात ठेवली होती. मला चहा दिला, बशीत वेलची केळी दिली. मी दोन खाल्ली.

मला प्रवेश मिळाला. तिला सगळीकडून नकार आले. "माझंच कुठेतरी कमी पडलं," ती म्हणाली आणि माझ्यासाठी पेढे घेऊन आली. तिच्या आईला मात्र कोडं पडलं होतं. एवढी मेहनती पोर, तरी कसं नाही घेतलं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची.

निघायच्या आदल्या दिवशी मी निर्मळला निरोप घ्यायला गेले. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार, असं ती म्हणाली. "पत्राची काळजी नाही. सर म्हणाले, इतकं सुंदर पत्र बदलायचं कशाला, फक्त तारीख बदलून पाठवतो. ज्युनियरनाही तेच दाखवतात, असं लिहा म्हणून."

तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं, थांब, ते पत्र फाड, मी टेम्पोचं लिहून देते. ओटीवर आम्ही दोघीच होतो. पण मग तिने विचारलं असतं, पहिल्यांदाच का नाही लिहिलंस. मी म्हटलं, "छान झालं." तिने माझ्या केसांत गजरा माळला, तोही तिच्या बागेतला, घट्ट कळ्यांचा.

आता मी इकडे परदेशात दुसऱ्या वर्षाला आहे. मार्चमध्ये तिचा मेसेज आला. "या वेळीही नाही गं. सर म्हणतात, पत्र तर उत्तम होतं, मग माझ्यातच काहीतरी कमी असेल. तुला काय वाटतं, खरं सांग."

मी उत्तर लिहिलं, "मेहनत सोडू नकोस."