थंड-गरम समजणारा सेन्सर

दादाला जाऊन आज वर्ष झालं, आणि मी नांदुऱ्याला त्याच्या स्वयंपाकघरात गाडीचा सेन्सर उकळत बसलेय.

वेड लागलं म्हणा. खुशाल म्हणा.

लकवा मारल्यावर दादाचा डावा पाय कामातून गेला. म्हणून त्यानं सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली. क्लच नाही, एका पायाचं काम.

पुन्हा स्वतः शेतात जायला लागला. वांग्यांच्या कडेला गाडी लावायची, काच खाली करायची आणि आतूनच सगळ्यांवर ओरडायचं. खूश होता.

मग गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागायला लागला. गॅरेजवाला म्हणाला, गिअरबॉक्सच गेला. घरात सगळे म्हणाले, विकून टाक.

गाडी गेली की आपण बाजेवर, हे दादाला पक्कं ठाऊक होतं.

त्यानं गिअरबॉक्सच्या तेलाचं टेम्परेचर सांगणारा सेन्सर काढवून घरी आणला. वहिनीच्या दुधाच्या पातेल्यात पाणी तापवलं आणि त्यात सोडला. त्याला लावलेल्या, रेझिस्टन्स मोजायच्या मीटरच्या वायरी मी धरल्या. वहिनीनं पातेलं तिथल्या तिथं बाद केलं.

पाण्याला उकळी आली. आकडा हलेना.

"गरम झालं का आकडा उतरला पायजे, बाई. ह्याले थंड-गरम समजूनच नाही राह्यलं. मेला हा."

हे सांगताना हसत होता. सेन्सर मेला, म्हणजे गिअरबॉक्स जिवंत!

नवा सेन्सर मागवला. तो यायच्या आधीच, एका सकाळी चहा पिता पिता दादा गेला.

त्याच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी वहिनीनं तापवलं. बादलीत हात घालून पाहिला आणि मला विचारलं,

"जास्त गरम तं नाही न? त्यायले चटका सोसत नाही."

मी नाही म्हटलं. कानात दादाच बोलत होता. थंड-गरम समजूनच नाही राह्यलं.

तो आवाज अजून गेलेला नाही. अंघोळीच्या पाण्यात हात घातला की येतो. मला भीती वाटते त्याची. आणि नाही आला तर, याची जास्त वाटते.

नव्या सेन्सरचं पाकीट कुणी फोडलंच नव्हतं. आज मी फोडलं. वहिनीनं माळ्यावरून ते बाद पातेलं काढून दिलं. वायरी तिनं धरल्यात.

"उतरून राह्यला," ती म्हणाली.

पाणी आटून निम्मं झालंय. गॅस बंद केला की थंड होईल आणि आकडा परत चढेल. म्हणून दोघींपैकी कुणीच उठत नाहीये.

दादा, तुझा सेन्सर चांगला निघाला. गाडी विकली नाही.

नमस्कार रे तुला.