गंजासुराची उचकी

आमच्या इमारतीत एक कुजबूज बरीच वर्षं टिकली. तिसऱ्या मजल्यावरची आवाजवाली म्हणे घरात परका पुरुष ठेवते. नवरा कामावर गेला, की दुपारी तिच्या बंद दाराआडून जाड, घोगरा, पुरुषी आवाज यायचा. तळमजल्यावरच्या औषधवाल्याने तो स्वतःच्या कानांनी ऐकला होता. तो कुणाच्या तरी गोळ्या द्यायला वर गेला आणि नेमकी त्या दाराशीच त्याच्या बुटाची नाडी सुटली. ती बांधायला त्याला पाव तास लागला. त्या दिवशी त्याच्या पायात चपला होत्या, हे आमच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"माणूस तरी किती आगाऊ!" औषधवाला सांगायचा. "आपल्या सगळ्यांची अंडीपिल्ली त्याला ठाऊक. मी केसांना कलप लावतो, हेसुद्धा!"

"ते कुणाला ठाऊक नाही?" आम्ही म्हणालो.

या गोष्टीतला खरा मसाला पुढेच होता. सासू त्या वेळी घरात असायची! खिडकीशी खुर्ची टाकून, अगदी समोर बसलेली. म्हणजे सासूही सामील. पुढे सासू वारली आणि तो आवाज बंद झाला. मग तर बोलायलाच नको. पाहुणा सासूच्याच ओळखीचा होता, ती गेल्यावर त्याने गाशा गुंडाळला, असा निकाल इमारतीने जिन्यातल्या जिन्यात देऊन टाकला.

आता आवाजवालीबद्दल. तिचा स्वतःचा आवाज शिवणाच्या दोऱ्याइतका बारीक. दुकानात रांगेत उभी राहून ती काही मागायची आणि दुकानदार तिच्या डोक्यावरून बघत "पुढे कोण?" म्हणायचा. तरी तिचं पोट आवाजावरच. परक्या भाषेतली चित्रं आपल्या भाषेत आणतात, त्या स्टुडिओत ती जायची. तिच्याकडे कामं यायची ती घोळक्यातली. बाजारातला गलका, आग लागल्यावरच्या किंकाळ्या आणि मुख्य म्हणजे तान्ही बाळं. खरं बाळ सांगितल्या वेळी रडत नाही, ही मात्र "रडा" म्हटलं की रडायची आणि "बस" म्हटलं की चहा मागायची. नवरा विजेचे मीटर दुरुस्त करणारा. त्याच्या तोंडून शब्द काढायचा तर मीटरसारखं आधी सील फोडावं लागे.

आम्हाला एवढंच माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते मोठं होतं.

फार पूर्वी टीव्हीवर 'पोलादवीर' नावाचं कार्टून लागायचं. संध्याकाळी ते सुरू झालं, की मैदानं ओस पडायची. पोलादवीर अंगाने लोखंडी, मनाने मऊ. त्याचा वैरी गंजासुर. तो लोखंड खायचा. पूल, आगगाड्या, शाळेचं फाटक, समोर येईल ते. खाऊन झालं की हसायचा आणि हसण्याच्या शेवटी त्याला उचकी लागायची. हा हा हा, हिक्! तेव्हाची सगळी पोरं तसंच हसायची. आमच्या घरची पोरं जेवतानासुद्धा हिक् करायची आणि पाठीत धपाटा खायची.

तर तो गंजासुर म्हणजे आमची आवाजवाली!

पहिल्या दिवशी ठरलेला नट आलाच नाही. पुढची पाळी दुसऱ्या कुणाची होती आणि खोली रिकामी करायची होती. बाळाच्या रडण्यासाठी बोलावलेली ही कोपऱ्यात बसून डबा खात होती. ध्वनिमुद्रक वैतागून म्हणाला, "अहो बाई, तुम्ही करून बघता का?" तोंडातला घास तसाच गिळून ती माइकपुढे उभी राहिली आणि पोटाच्या तळातून एक असा आवाज काढला, की काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रकाने खुर्ची मागे सरकवली. घाईने गिळलेल्या घासाने मात्र हसण्याच्या शेवटी आपला इंगा दाखवला. पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. उचकी तशीच गेली आणि लोकांना तीच आवडली. मग दर भागात उचकी द्यावी लागली. वाहिनीवाल्यांनी एकच ताकीद दिली: गंजासुर ही बाई आहे, हे कुणाला सांगायचं नाही, पोरं घाबरायची थांबतील. तिने ती इतकी पाळली, की कार्टून बंद झालं तरी पाळली.

मध्ये बरीच वर्षं गेली. कार्टून बघणारी पोरं मोठी झाली, त्यांच्या हातात पैसा आला आणि लहानपण परत विकत घ्यायची त्यांना हौस आली. 'पोलादवीर'चा खराखुरा सिनेमा निघाला. खरा नट, खरी पोलादी कवचं, खरे पूल. गंजासुराच्या अंगावर भंगाराचा ढीग चढवलेला एक धिप्पाड नट आणि त्याला एका नामवंताचा खर्जातला आवाज. गंभीर, भारदस्त. उचकी गायब!

आवाजवाली आणि तिचा नवरा तो सिनेमा बघायला गेले होते. गंजासुर पहिल्यांदा हसला. हा हा हा. आणि हसणं संपलं तिथे अंधारातल्या चार-पाच जणांनी आपणहून भर घातली, "हिक्!" थिएटर खदाखदा हसलं. दुसऱ्या वेळी पंचवीस-तीस जण. शेवटी शेवटी तर गंजासुर तोंड उघडायच्या आधीच लोक उचक्या देत होते. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं आणि सील फोडलं. "तुझी आठवण काढतायत," तो म्हणाला. एवढं लांबलचक वाक्य त्याने लग्नातही उच्चारलं नव्हतं.

दुसऱ्या भागाच्या वेळी निर्माते शहाणे झाले. जुना गंजासुर शोधून काढा, असा हुकूम सुटला. एके दिवशी आवाजवालीकडे फोन आला. पलीकडे दिग्दर्शक स्वतः होता, पोरगेलासा.

"नमस्कार काकू, जरा काकांना फोन देता का?"

"ते मीटर बसवायला गेलेत."

"मीटर? गंजासुर मीटर बसवतात?"

मग तिने घसा साफ केला आणि जुना आवाज लावला. "बोल रे, मीच!"

फोन खाली पडल्याचा आवाज आला. लहानपणी हा दिग्दर्शक गंजासुराच्या भीतीने पलंगाखाली लपायचा, हे त्याने नंतर स्वतःच सांगितलं.

इमारतीत बातमी पसरायला जिना चढायचाही अवकाश लागला नाही. "म्हणजे तो पुरुष हीच! दुपारी सराव करायची!" असं म्हणून औषधवाल्याने कपाळाला हात लावला. प्रकरण मिटलं, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

पण काम अजून हाती आलेलं नव्हतं. निर्मात्याने शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती. तोवर जमलं तर आवाजवाली, नाहीतर पुन्हा तो नामवंत. आयुष्यभर घोळक्यात ओरडलेल्या बाईचं नाव पहिल्यांदाच पडद्यावर येणार होतं, आणि तिला ते हवं होतं. इतकं हवं होतं, की त्या आठवड्यात तिने आमच्याशी गप्पाही मारल्या नाहीत.

पहिले दोन दिवस वाया गेले. फोनवर एक वाक्य निघालं ते निघालं. माइकपुढे मात्र आवाज कापरा व्हायचा. "पुरुषाची नक्कल करणाऱ्या म्हातारीसारखं येतंय," असं ती स्वतःच म्हणाली. ध्वनिमुद्रक नवा होता. जुन्या कार्टूनमधली उचकी कापून इथे चिकटवतो, म्हणाला.

"माझीच उचकी मला उसनी देतोस?" ती फणकारली.

शुक्रवारी त्यांनी हसणं बाजूला ठेवलं आणि दुसरा प्रसंग घेतला. या भागात पोलादवीर जखमी होऊन पडतो आणि जगातलं लोखंड संपत आलेलं असतं. गंजासुरही म्हातारा झालाय. त्याला वैऱ्याला जगवायचं आहे, कारण तोच शेवटचा पोलादी घास. तो पोलादवीराजवळ बसून त्याला भरवू लागतो. वाक्य असं होतं: "ऊठ. दोन घास खा. तू संपलास, तर मी काय खाऊ?"

आवाजवाली कागद वाचून थांबली. चष्मा काढला. माइकपासून थोडी बाजूला वळली, जणू शेजारी खुर्चीत कुणी बसलंय. मग ती बोलली. आवाज जाड, घोगरा, थकलेला; कापरेपणाचा मागमूस नाही. ध्वनिमुद्रकाने मान वर करून पाहिलं, तर दिग्दर्शक डोळे पुसत होता आणि डोळ्यांत काही गेलं नाही असं आपणहून सांगत होता.

"आता हसा," तो म्हणाला.

ती हसली. हा हा हा. आणि उचकीच्या जागी थांबली. उचकी आलीच नाही. पुन्हा हसली, पुन्हा नाही.

"नाही येत रे," ती म्हणाली. "पहिली खरी लागली होती, पुढच्या ओढून आणल्या. आता तेवढा दम नाही. पण मी एवढी जागा रिकामी सोडते. लोक देतील. मागच्या खेपेला न मागता दिली होती."

दिग्दर्शकाने क्षणभर विचार केला आणि टाळीच वाजवली. काम तिला मिळालं.

सिनेमा लागला तेव्हा सगळी इमारत गेली. औषधवाला कलप लावून आला होता. गंजासुर हसला, थांबला, आणि अख्ख्या थिएटरने, आजोबांपासून कडेवरच्या पोरापर्यंत, एका दमात उचकी दिली. हिक्! आवाजवाली दोन्ही हात तोंडावर धरून बसली होती. शेवटी पडद्यावर तिचं नाव आलं, तेव्हा नवरा उभा राहिला. मागचे ओरडले, "खाली बसा!" तो बसला नाही.

परतताना औषधवाला पुढे सरसावला. "काय हो, इतकी वर्षं रोज दुपारी सराव म्हणजे कमालच!"

"सराव कसला?" ती तिच्या बारीक आवाजात म्हणाली. मग तिने जे सांगितलं, ते असं.

सासूबाईंचे कान म्हातारपणी गेले. बारीक आवाज त्यांना अजिबात ऐकू यायचा नाही, जाड यायचा. म्हणून नवरा कामावर गेला, की सून त्यांना गंजासुराच्या आवाजात "उठा आई, दोन घास खा" म्हणायची आणि जेवण होईपर्यंत इमारतीतल्या गमती सांगायची. घरात दुसरं कुणी नव्हतं.