शकूने पुसलेला घाट

शकू गायकवाड भिसेगावची. तिचे वडील बुधाजी रेल्वेत गँगमन होते. कर्जतच्या पुढे घाट चढतो तिथल्या रुळांची देखरेख करण्यात त्यांची हयात गेली. भावंडांत बारावीपर्यंत पोचलेली शकू एकटीच. तिला शाळेत शिकवायचं होतं. पहिल्या वर्षी डी.एड.ला नंबर लागला नाही, तेव्हा पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा आणि तोवर घरी बसायचं नाही असं ठरवून ती खोपोलीजवळ कुंभिवलीला आमच्या कारखान्यात आली. हे चौऱ्याऐंशी सालातलं.

कारखाना म्हणजे हायवेला लागून असलेली पत्र्याची शेड. आम्ही टीव्हीचे स्टॅबिलायझर बनवायचो. वीज कधी मिणमिणती, कधी एकदम चढी, त्यामुळे ज्याच्या घरी टीव्ही आला त्याला स्टॅबिलायझर लागायचाच. आम्ही बायका बाकावर ओळीने बसून सोल्डरिंग करायचो. धुराने डोळे चुरचुरायचे. शकू माझ्या शेजारी बसे. बोलायची कमी.

शेडच्या मागच्या खोलीत टिपणीस साहेब बसत. ते मुंबईत शिकलेले इंजिनियर. मालकांनी मुंबईत व्हिडिओ गेमच्या दुकानापुढे पोरांची झुंबड पाहिली होती. टीव्हीला जोडायचा असा खेळ इथेच बनवायचा, इतरांच्या आधी बनवायचा, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी टिपणिसांना आणलं. सोबत आणखी एक इंजिनियर होता, पण तो दिवाळीच्या आधीच दुबईला गेला. त्याच्या जागी कुणी आलं नाही. सगळं टिपणिसांवर पडलं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी शकूची डब्याची पिशवी पाहिली. दोसुतीच्या कापडावर तिने टाके मोजून पोपट भरला होता. नमुना कुठून घेतलास, असं त्यांनी विचारलं. नमुना नाही, मनातच मांडते, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला मागच्या खोलीत बोलावलं आणि आलेखाचा कागद पुढे ठेवला. पडद्यावरचं चित्रही असंच चौकटी भरून होतं, हे समजावलं आणि एक माणूस काढायला सांगितलं. शकूने हातात झेंडी घेतलेला गँगमन काढला. त्यांनी तो रात्रीतून भाड्याने आणलेल्या कॉम्प्युटरमध्ये भरला आणि सकाळी आम्हा सगळ्यांना बोलावून दाखवलं. काळ्या पडद्यावर बोटाएवढा पांढरा माणूस धावत होता. शकू तोंडावर पदर धरून बघत राहिली.

त्या माणसावरूनच पुढचा खेळ ठरला. गाडी घाट चढते आहे, वरून दरडीचे दगड रुळावर येतात, आणि खेळणाऱ्याने गँगमनला पळवत नेऊन गाडी यायच्या आत दगड बाजूला करायचे. खेळाचं नावच ‘घाट’. शकूने बोगदा काढला, पूल काढला, मागून ढकलणारं इंजिन काढलं. तिचं सोल्डरिंग सुटलं. बुधाजींना तिने सांगितलं तेव्हा त्यांनी ते आपल्या गँगमध्ये सगळ्यांना सांगितलं, की आपला घाट टीव्हीत यायचाय, पोरगी आणतेय.

मालकांना खेळ आवडला, आणि तिथेच घोळ सुरू झाला. शेडवर आले की दर खेपेला त्यांना काहीतरी नवीन सुचायचं. कधी माकडं हवीत, कधी पाऊस हवा, कधी गाणं वाजलं पाहिजे. खेळ ज्या चिपांमध्ये भरायचा त्यांत जागा किती, हे टिपणीस सांगत. मालक म्हणत, बसवा कसंही. एक गोष्ट बसवायला दुसरी काढावी लागे, आणि काढलेल्या गोष्टीबद्दल मालक पुन्हा विचारत. चिपा परदेशातून यायच्या आणि कधी येतील याचा भरवसा नसे. खेळ होत आला असं वाटे आणि पुन्हा मागे जाई.

शिमग्याच्या सुमाराला मुंबईचे दोन व्यापारी गाडीतून आले. त्यांनी मागच्या खोलीत खेळ पाहिला. चहा घेऊन मीच आत गेले होते. त्यातला एक म्हणाला, यात बंदूक कुठे आहे? टिपणिसांनी दरड आणि गँगमन समजावायचा प्रयत्न केला. तो माणूस पडद्याकडे न बघता मालकांशी बोलू लागला. बाजारात परदेशी खेळ चोरवाटेने येऊ लागले होते, त्यांत विमानं होती, स्फोट होते. जाताना व्यापाऱ्यांनी स्टॅबिलायझरबद्दल मात्र खूप विचारपूस केली.

मालक त्यानंतर मागच्या खोलीत जाईनासे झाले. आम्हाला त्यात काही वाटलं नाही. काम चालूच होतं. शकू रोज एसटीने खोपोलीला उतरून टेंपोने कुंभिवली गाठायची आणि अंधार पडल्यावर परत जायची.

जून महिन्यात तिचा डी.एड.ला नंबर लागला. अलिबागला जाऊन राहायचं होतं. तिने टिपणिसांना सांगितलं. त्यांचं उत्तर तिने मला नंतर सांगितलं. ते म्हणाले की चित्रं काढणारं दुसरं कुणी नाही, दिवाळीपर्यंत खेळ बाजारात येईल, आणि मालक तिला कायमची चांगली जागा देतील, डी.एड. पुढच्या वर्षीही करता येईल. बुधाजींचं मत जावं असं होतं. आई म्हणाली, तुझं तू बघ. शकूने नंबर सोडला.

दसरा झाला आणि मालकांनी सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं. एका मोठ्या टीव्ही कंपनीची स्टॅबिलायझरची ऑर्डर आली होती. उद्यापासून मागची खोलीही त्याच कामाला लागणार. खेळाचं नाव त्यांनी घेतलं नाही. गजा, आमचा सुपरवायझर, त्याने विचारलं तेव्हा म्हणाले, ते बंद.

ऑर्डरच्या तपासणी यंत्रासाठी चिपा हव्या होत्या. नव्या मागवण्यापेक्षा खेळाच्या पुसून वापरा, असं फर्मान निघालं. त्या चिपेच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असते. त्यावरची चिकटपट्टी सोलून चिप जांभळ्या दिव्याच्या पेटीत ठेवली की आत भरलेलं सगळं निघून जातं. पेटी चालवायला शकूलाच येत होतं. मला तिच्या मदतीला दिलं. मी बोर्डातून चिपा उपसत होते, ती पट्ट्या सोलत होती. प्रत्येक पट्टीवर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, बोगदा, पूल, माणूस.

टिपणीस दारात येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की खेळ साठवलेल्या कॉम्प्युटरच्या तबकड्यांना पावसात बुरशी लागली, भाड्याचा कॉम्प्युटर परत गेला, दुसरी प्रत कुठेच नाही.

"शकू, खेळाच्या चिपांचा एक पुरा संच बाजूला ठेव. मी मालकांना सांगतो फुटल्या म्हणून."

शकूने हातातली चिप खाली ठेवली. "साहेब, बंद होनार हे तुमाला कवापासून ठाऊक व्हतं?"

"शिमग्यापासून," ते म्हणाले. "व्यापारी गेले त्याच दिवशी मालक बोलले होते. मला वाटलं, पुरा झालेला खेळ पाहिला की त्यांचं मन फिरेल."

"म्हंजे जूनमदी ठाऊक व्हतं."

"हो."

तिने शेवटचा संच उचलला, पट्ट्या सोलल्या, चिपा पेटीत मांडल्या, झाकण लावलं आणि बटण दाबलं. टिपणीस दोन पावलं पुढे आले आणि तिथेच थांबले. पेटीचा घूं आवाज येत होता. फटीतून जांभळा उजेड तिच्या बोटांवर पडला होता. तिचा हात झाकणावरून हलला नाही.

महिन्याभरात टिपणीस गेले. बंगलोरला गेले असं कुणी म्हणालं. शकू माझ्या शेजारी बाकावर परत आली. पुढच्या वर्षी तिने अर्ज केला, पण गुणांची यादी वर गेली होती. नंबर लागला नाही. त्यानंतर तिने अर्ज केला नाही.

खेळ बंद पडल्याचं बुधाजींना तिने सांगितलंच नव्हतं. ते विचारत, झाला का गं घाट? ती म्हणे, चाललंय. रिटायर झाल्यावर ते शेजारच्यांकडे टीव्ही बघायला जाऊन बसायचे आणि कार्यक्रम संपला तरी उठायचे नाहीत. सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात छातीच्या दुखण्याने गेले. मी भिसेगावला गेले होते. त्यांच्या गँगमधला जयवंता नावाचा म्हातारा शकूला म्हणाला, तुझा बा सांगायचा तो खेळ आमाला एकदा दाव. शकूने हो म्हटलं.

मग नव्या टीव्हींच्या आतच स्टॅबिलायझर येऊ लागले आणि आमच्या शेडला कुलूप लागलं. मला खोपोलीच्या कागद कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं. शकूचं लग्न कर्जतजवळच्या कोंडाण्याला झालं, दोन पोरांच्या बापाशी. नवरा पीत असे.

एकोणनव्वदला ती मला कर्जतच्या बाजारात भेटली. चष्मा लागला होता, खोकत होती. मी न राहवून विचारलं, तो एक संच ठेवायला हवा होता का.

"ठेवला असता तर बाला दावला असता," ती म्हणाली. "त्या टायमाला बा डोक्यातच आला नाय. निस्ता राग व्हता."

तिने पाटीतली भाजी निवडून पिशवीत टाकली. मग तिने विचारलं, तुमच्या कागद कारखान्यात बायका घेतात का, आणि चष्मा चालतो का.