चापाची कुडी

शेटबाय माणसाचे कान आधी बघायच्या, चेहरा नंतर. डिचोलीजवळच्या आमच्या कारखान्यात मी पहिल्या दिवशी गेले, तेव्हा हातात पदवीची फाईल होती. आमच्या घरातली ती पहिलीच पदवी. बाईंनी ती उघडलीसुद्धा नाही. चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "एक भोक वयर, एक सकयल. कोणें टोचले गो तुजे कान? जत्रेंत?"

खरोखर जत्रेतच टोचले होते, एक वर, एक खाली, मी सात वर्षांची असताना. आम्ही गोव्यातल्याच चोपड्याचे, बाबा नदीत जाळं टाकणारे. बारशाला सोनार बोलवायचं राहूनच गेलं होतं.

बाईंचे वडील डिचोलीच्या बाजारातले सोनार, आणि आमच्याकडे सोनाराला शेट म्हणतात, म्हणून त्या सगळ्यांच्या शेटबाय. वडिलांचा बारीक चिमटा त्या कामावर आणायच्या. आमच्याकडे विमानाच्या पंखांचे भाग बनत: कार्बनच्या कापडाचे थर एकावर एक रचायचे आणि भट्टीत घालून कडक करायचे. लहान तुकड्यांवर बाई त्या थरांच्या मध्ये केसाएवढी काचेची तार ठेवून बघत. तिच्यातून उजेड सोडला की आत कुठे ताण पडतोय, हे पंख स्वतःच सांगतो. तार ठेवताना बाई श्वास धरायच्या आणि त्यांच्याबरोबर आम्ही सगळे. तार बसली की अख्खी खोली सुस्कारा टाकायची, आणि मग कुणालातरी हसू फुटायचंच.

डिझाइनचे सर म्हणत, "बाई, आधी पंख होऊ द्या. तारा मागाहून वरून चिकटवू."

"सर, ती चापाची कुडी! लग्नाक मिरवूंक बरी. रोजच्याक टोचिल्लोच कान जाय, आनी तो बारशाकच टोचचो."

कान आधीच टोचलेला हवा, तशी तारही घडतानाच आत हवी, हे सर हसण्यावारी नेत आणि पुढचा कागद काढत. शेवटी एकदा ते तयार झाले. एक नमुना तारा घालून करायचा. तो बोलला, तर नव्या पंखाच्या पहिल्या रेखाटनापासूनच तारांना जागा मिळणार. नाही बोलला, तर विषय कायमचा बंद. बाईंच्या निवृत्तीला वर्षच उरलं होतं.

त्या नमुन्याच्या बैठकीत मला एक गोष्ट दिसली. भट्टीतून काढल्यावर पंखाच्या कडा कापून सारख्या करतात. कागदावर कापायची रेघ जिथे होती, तिथूनच तार बाहेर येत होती. मी बोलले नाही. मला इंग्रजी लिहिता यायची, पण चारचौघांत तोंडातून निघत नसे. शिवाय वाटलं, सरांनी काढलंय म्हणजे विचार करूनच काढलं असणार. बाई त्या दिवशी बैठकीला नव्हत्या.

नमुना झाला. कडा कापल्या आणि तार कडेशीच तुटली. उजेड आत जाईना. नमुना मुका!

मी रडत बाईंना खरं सांगितलं. त्यांनी मला मागच्या व्हरांड्यात नेलं.

"दिसलां तुका? मग तोंड कित्याक बंद?"

"सरांनी काढलं होतं..."

"सरांक दोळे दोन. तुजे धरून चार. तू गप रावलीस, म्हणून आमचे दोनच रावले." मग डब्यातला अर्धा उंडो पाव भाजीत बुडवून माझ्या हातात दिला. "खा. रडून तार सांदची ना."

बाई सरांकडे गेल्या आणि आणखी एक संधी मागून आल्या. अट स्वतःच घालून आल्या होत्या: या वेळी तारेची वाट ही मुलगी काढणार आणि बैठकीत तीच सांगणार. मी दोन दिवस घरी आईसमोर सराव केला. आईला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी ती मान डोलवत राहिली.

बैठकीत मी इंग्रजीत सुरू केलं, मध्येच मराठीत आले, ते कळलंही नाही. तार कडेतून नको, आतल्या बाजूच्या सपाटीवर लहानशी नळी बसवून तिथून काढू, म्हणजे कापताना सापडणार नाही, असं सांगितलं. सरांनी तारेची वाट बोटाने कागदावर गिरवली. मग म्हणाले, "हे गेल्या खेपेला का नाही सांगितलंस?" माझ्याआधी शेटबायच म्हणाल्या, "गेल्या खेपेक तुमी विचारलां खंय?" सगळे हसले. सरही.

दुसरा नमुना भट्टीतून निघाला, कापला आणि तार शाबूत राहिली. वजनं ठेवली तशी पडद्यावरची रेघ वर चढत गेली. बाईंनी बोटाच्या पेराने पंखावर हळूच टकटक केली. रेघ टुणकन उडाली. "हूं म्हणता गो!" बाई ओरडल्या आणि त्यांनी सरांनाच टाळी दिली. दुसऱ्या दिवशी म्हापशाहून आणलेलं खाजं साऱ्या कारखान्याने खाल्लं.

बाई यंदा निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी नव्या पंखाचं पहिलं रेखाटन आलं. थर किती जाड, हे अजून ठरलंही नव्हतं, पण तारा लाल रेघांनी आखलेल्या होत्या. बाईंनी कागद दोन्ही हातांनी धरून वाचला आणि विचारलं, "सगळां बरें आसा न्हय गो?"

"नाही. इथलं वळण फार आखूड आहे. काच मोडेल."

"मग म्हाका कित्याक सांगता? म्हाका उद्यां मयेंतल्या परसांत भेंडी लावूंची आसा."

मी कागद घेऊन सरांच्या खोलीत गेले. अर्धा तास वाद झाला. त्यातली निम्मी वाक्यं माझी होती. बाहेरून शेटबाय दार वाजवत होत्या, "केक वितळता गो बाय!"

"थांबा," मी आतून म्हटलं, "अजून एक वळण राहिलंय."