जाळाचा रंग

आश्रुबामामा घरात आले की माणसांकडे बघायच्या आधी ओट्यावरचं पातेलं उपडं करून बघायचे. बूड स्वच्छ दिसलं की मगच "कसं काय ताई, बरं हाय ना?" माझ्या सासूबाईंना याचा भारी राग. "पाहुणा आहे की भांडी पारखायला आलाय?" म्हणायच्या.

मामा मूळचे पाथर्डीकडचे. आईवडील ऊसतोडीला जायचे. हे मात्र नगरला शेगड्या दुरुस्त करायला शिकले आणि इथलेच झाले. आमच्या सावेडीतल्या कॉलनीत तीस वर्षं त्यांच्याशिवाय कुणी शेगडीला हात लावला नाही. "निळा जाळ घरचा, पिवळा जाळ चोराचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मग कॉलनीत पाइपचा गॅस आला आणि प्रत्येक घरी मामांना बोलावणं गेलं. बर्नरखालचा इवलासा जेट काढून ते मला समजावत होते, "शिलिंडरचा ग्यास जोरात येतो, त्याला बारीक भोक पुरतं. पायपाचा निवांत येतो, त्याला दार मोठं लागतं." बारीक ड्रिलने त्यांनी ते भोक वाढवलं, जोडांना साबणाचा फेस लावून पाहिला आणि शेगडी पेटवली. मग खाली वाकून म्हणाले, "ताई, रंग सांगा."

मामांना रंग विचारावा लागतोय! त्यांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू एवढा वाढला होता तर. आणि जाळाला चांगली पिवळी जीभ फुटली होती. भोक जास्त मोठं झालं होतं. पण तीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं? मी म्हटलं, "निळा की, मामा."

त्यानंतर मी रोज काळी भांडी घासत होते आणि स्वतःला फार थोर समजत होते.

पंधरा दिवसांनी ते शिरस्त्याप्रमाणे तपासायला आले. पातेलं मी लख्ख घासून ठेवलंच होतं. त्यांनी मान डोलावली आणि सहज बर्नरवरच्या जाळीला हात लावला. ती घासायची राहिली होती. अंगठ्याने बोट चोळत ते म्हणाले, "चिकाट लागतंय. काजळी हाय. त्या दिवशी जाळ कसा हुता, ताई?"

"पिवळा होता."

"माझी लाज राखली व्हय? आन तुमच्या सासूबाई दिवसभर हितंच बसत्यात. असला जाळ बंद घरात मानूस मारतो, आवाज बी न करता." मग म्हणाले, "आनखी सात घरं केल्यात मी. तितं बी कुनी अशीच दया केली आसंल."

इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मामांनी दुकानातून तयार जेट आणले आणि मी त्यांच्याबरोबर निघाले. वाटेत म्हणाले, "आजचं झालं की हत्यारं ठेवनार. गावी पोराकडं जातो." ते शेगडी पेटवायचे, मी रंग सांगायचे. पहिल्याच घरी पिवळा. त्या बाई घाईने म्हणाल्या, "राहू द्या हो, चांगलं चाललंय." मामा म्हणाले, "चूक माझी हाय," आणि जेट काढायला बसले. सहाही घरी जाळ पिवळाच निघाला आणि त्यातल्या तीन घरी असंच बोलणं झालं.

सातव्या घरी मात्र जेट न बदलताच जाळ खरोखर निळा होता.

"निळा," मी म्हटलं.

मामा शेगडीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते. "खरं ना, ताई?"

तीस वर्षं माझ्या घरचा चहा प्यालेल्या माणसाने मला हे कधी विचारलं नव्हतं.

"खरं, मामा."

त्यांनी त्या बाईंकडून पातेलं मागून घेतलं, उपडं केलं आणि बुडावरून सावकाश बोट फिरवलं.