झुंबरबाईंची नदी

कुरुंदवाडच्या झुंबरबाई दर रविवारी एसटीनं शिवाजी पेठेत चित्र शिकायला यायच्या. साठीच्या बाई, धारा काढून काढून हात राठ झालेले, आणि आम्हा कॉलेजच्या पोरींशेजारी मांडी घालून बसायच्या. सुरुवातीला आम्ही गालात हसलो, खोटं कशाला बोलू.

आमचे अमरसिंह मास्तर पूर्वी जत्रेतल्या नाटकांचे पडदे रंगवायचे. त्यांच्याकडे येईल त्यानं आधी नदीकाठच रंगवायचा. वर आभाळ, मग पलीकडची झाडी, मग पाणी, आणि अलीकडचा वड शेवटी. काठावर जे उभं, ते पाण्यात उलटं दिसलंच पाहिजे. तिथं चूक झाली की मास्तर कागद टराटरा फाडायचे.

झुंबरबाईंना नदीकाठच हवा होता. महापुरात त्यांचा पोरगा राजवर्धन दावणीची म्हैस सोडायला गोठ्यात परत गेला आणि वाहून गेला. घरातल्या फोटोंचाही पाण्यात लगदा झाला. उरला तो आधार कार्डावरचा. "त्यो कुणाचा बी वाटतोय," म्हणायच्या. चेहरा अजून आठवतोय तोवर त्यांना तो घाटावरच्या वडाखाली उभा असलेला काढायचा होता. हे कळलं आणि आमचं हसू कुठल्या कुठं गेलं. लाजच वाटली.

बाईंना झाडांची पानं लवकर जमली, पाणी जमेना. निळा रंग घेतला की हात थांबायचा. मास्तर ओरडायचे, बाई मान खाली घालून पुन्हा झाडंच काढत बसायच्या.

परवा एकदाचं चित्र पुरं झालं. वड होता, वडाखाली पांढऱ्या शर्टातला पोरगा होता, पाण्यात वड उलटा होता. पाण्यात पोरगा मात्र नव्हता.

मास्तरांनी ते लगेच हेरलं. कागद काही फाडला नाही. ब्रशावर पांढरा रंग घेतला आणि म्हणाले, पाण्यातला पोरगा राहिला की, सरका, मी काढून देतो.

झुंबरबाईंनी चित्रावर आडवा हात धरला. रंग ओला होता, तळवा निळा झाला.

"न्हाय मास्तर," त्या म्हणाल्या. "त्येला परत पाण्यात न्हाय घालायचा."

मास्तरांनी ब्रश खाली ठेवला. मला रडू आवरेना. झुंबरबाईंनी हात लुगड्याला पुसला आणि एसटी चुकेल म्हणून चित्र तसंच ओलं उचललं. जाताना पोराच्या तोंडावर त्या हळूच फुंकर घालत होत्या.