हिऱ्याची पाटी आणि महाराजांचा अंगठा

"कोणी हात लावला? माझ्या सुरीला हात कोणी लावला?"

महाराज ओरडत होते. डावा अंगठा हळदीच्या डब्यात खुपसलेला, उजव्या हातात झारा, आणि आवाज असा की पंचवटीतल्या त्या मंगल कार्यालयाच्या पत्र्यावरची कबुतरं जी उडाली ती थेट मालेगावात उतरली. नवरीकडची चार माणसं पोह्यांच्या बश्या घेऊन भटारखान्याच्या दारात जमली. सकाळचे आठ वाजले होते. अक्षता साडेबाराच्या. दोन पोती कांदा अजून सालीत होता आणि मुख्य आचारी हळदीत.

"मी लावला," मी म्हणालो. "हात पण लावला आणि धार पण लावली."

महाराजांची एक जुनी खोड होती. सुरी उचलली की अंगठा पात्याच्या काठावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचा. धार बघायची म्हणे! वीस वर्षं रोज ओढत होते आणि वीस वर्षांत अंगठ्याला ओरखडा नव्हता, यावरून सुरी कशी असेल ते तुम्हीच समजा. त्या पात्यावर बसून त्र्यंबकला जाऊन आलो असतो तरी बूड शाबूत राहिलं असतं. दोन सुऱ्या एकमेकींवर खणखण आपटल्या की महाराजांच्या लेखी धार झाली. कांदा चिरणाऱ्या बायका कपाच्या बुडावर सुरी घासायच्या, ते त्यातल्या त्यात शास्त्रशुद्ध.

मी मूळचा भटारखान्यातला नाही. सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे जिथं साचे आणि हत्यारं घडतात तिथं, चौदा वर्षं काढली. केसाचे उभे चार भाग करून दाखव म्हटलं असतं तर मी विचारलं असतं, चारच का? मग नव्वदच्या दशकाच्या शेवटाला कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं. मी घरी आलो तेव्हा माझ्या डब्याच्या पिशवीत हिऱ्याची एक पाटी आणि सिरॅमिकचा एक पांढरा दगड होता. मी ते चोरले असं काही लोक सांगतात. माझं म्हणणं, चौदा वर्षांची ओळख होती, ते माझ्यामागून चालत आले.

पाटी म्हणजे हाताच्या पंजाएवढा पोलादी तुकडा, वर हिऱ्याची भुकटी बसवलेली. दगड तिच्याहून लहान, कपबशीच्याच जातीचा, पण गालासारखा गुळगुळीत. हे दोन घेऊन मी मालकीणबाईंच्या केटरिंगमध्ये कांदा कापायला लागलो. दुसरीकडं कुठं काम नव्हतं. सातपूर-अंबडमधल्या प्रत्येक फाटकावर माझ्यासारखे शंभर उभे होते, घरी दोन मुलं शाळेत. कांद्यानं घर चालत होतं, म्हणजे ही सुरी सुटली की सगळंच सुटलं.

महाराज मला फिटर म्हणायचे, टूलरूमचा माणूस फिटर नसतो हे शंभरदा सांगूनही. पाटी पहिल्यांदा दिसली तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बायकोच्या कानात खडा नाही आणि फिटरच्या सुरीला हिरा!" भटारखाना खिदळला. मीही हसलो आणि मनातल्या मनात त्यांची सुरी ठरवून टाकली. या लग्नाच्या दिवशी पहाटे ते देवदर्शनाला गेले तेवढ्यात घासली.

मालकीणबाई आल्या. महाराजांनी हळदीचा अंगठा त्यांच्यापुढं धरला. "बाई, एकतर हा राहील, नाहीतर मी. त्यानं माफी मागायची आणि ती पाटी आत्ताच्या आत्ता गोदावरीत टाकायची. नाहीतर मी चाललो."

बाईंनी कांद्याच्या पोत्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. महाराज गेले तर लग्न बोंबललं असतं. मी गेलो असतो तर कोणाचंच काही अडलं नसतं. हे मला कळत होतं, तरी माझी जीभ कोणाच्या बापाची चाकर नव्हती.

"अंगठ्याची माफी मागतो, महाराज," मी म्हणालो. "धारेची मागणार नाही. सुरी कापते म्हणून माफी मागायची, तर उद्या चूल पेटते म्हणून मागावी लागेल."

"बघा, बघा कसा बोलतो!"

"आधी कांदा," बाई म्हणाल्या. "कोण जाणार ते पंगती उठल्यावर ठरवू."

मला पंगती उठेपर्यंतची मुदत मिळाली. कांद्याला सहा बायका होत्या, पेठकडच्या, आणि त्यांची म्होरकी एक मावशी. मावशीनं आपली सुरी माझ्यापुढं सरकवली. "भाऊ, माझी बी घास. मी काय अंगठा नाय लावणार."

मग बाकीच्या पाचजणींच्याही सुऱ्या पुढं आल्या. मी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाटी ओल्या फडक्यावर मांडली. पाणी शिंपडलं. बायका तेल द्यायला लागल्या, मी म्हटलं तेल भज्यांना ठेवा. पातं थोडं तिरपं धरायचं आणि धरलेला कोन जीव गेला तरी सोडायचा नाही. जोर तर अजिबात नाही. जोर लावला की हिरे उपटून येतात आणि पाटीला टक्कल पडतं. नुसत्या सुरीच्या वजनानं ओढायची, सर्र, सर्र. एका बाजूनं घासून झालं की दुसऱ्या बाजूला लोखंडाचा बारीक काठ वळून येतो, बोटाला खरखरीत लागतो. तो आला की बाजू बदलायची. शेवटी पांढऱ्या दगडावर हलक्या हातानं आठ-दहा वेळा फिरवून तो काठ काढून टाकायचा. एवढंच. पण शेवटची सुरी होईपर्यंत दारातल्या पोहेवाल्यांनी बश्या चाटून पुसून ठेवल्या होत्या, कोणी हललं नव्हतं.

मग कांदा सुरू झाला. खोटं सांगत नाही, आपण कापले गेलो हे कांद्याला समजत नव्हतं. दोन अर्धे एकमेकांना चिकटून बसायचे, बोट लावावं तेव्हा सुटायचे. आणि डोळे कोरडे! बोथट सुरी कांदा चेंगरते, आणि चेंगरलेला कांदा डोळ्यांवर राग काढतो. एरवी त्या सहा बायका लग्नघरात अशा रडायच्या की नवरीच्या आईला लाज वाटावी. त्या दिवशी गाणी म्हणत होत्या. मावशी म्हणाली, "लय वर्सांनी कांदा दिसला मला. आधी नुसता धूसर असायचा."

एक पोतं संपलं तेव्हा महाराज कढईपाशी होते. अंगठ्याला चिंधी, हातात झारा. काळ्या रश्श्याचं वाटण म्हणजे त्यांचा जीव, आणि त्यात कांदा तळावा लागतो पातळ उभा चिरलेला. आमचा कांदा नेहमी कुठं जाडा, कुठं बारीक असायचा. जाडा कच्चा राहायचा, बारीक तोवर जळायचा, आणि महाराज दर घाण्याला चिरणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरायचे. मी कान टवकारून बसलो. पहिला घाणा गेला. शिवी नाही. दुसरा गेला. मी मान वळवून पाहिलं. कढईतला कांदा एकदम, सगळाच्या सगळा, एकाच रंगावर आला होता, शाळेतली मुलं घंटेला उठतात तसा. महाराजांनी झाऱ्यावर थोडा घेतला, उजेडाला धरला, परत सोडला. मग तिसऱ्या घाण्याला कांदा घ्यायला स्वतः उठून आले. माझ्या ढिगातून उचलला आणि परत कढईकडं गेले.

तीनला पंगती उठल्या. मी हातपाय धुतले, पाटी कोरडी करून पिशवीत घातली आणि दारात उभा राहिलो. मनात भाषण तयार होतं. ऐकणाऱ्याच्या कानाला धार लागली असती असं. माफीचा त्यात शब्द नव्हता.

मालकीणबाई आल्या. "हं महाराज, यांचं काय करायचं?"

महाराज कढई घासत होते. चिंधीचा अंगठा पाण्याबाहेर उभा धरलेला. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही.

"फिटरला सकाळी सहाला बोलवा," ते म्हणाले. "उद्या कोबी आहे."